भिंतीवरच्या रेघा

शाळेच्या प्रार्थनेला मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभे करण्याची आपल्याकडे जी जुनी रीत आहे, तिच्यामुळे सर्वांत पुढे कोणी उभे राहायचे हे साऱ्या वर्गाला ठाऊक असते, आणि ज्याला तेथे उभे राहावे लागते त्याला ते इतर कोणाहूनही अधिक ठाऊक असते. हाच मुलगा वर्गात गेल्यावर बाकावर दहा मिनिटेही स्वस्थ बसत नसेल, पायाला भिंगरी लागल्यासारखा हिंडत असेल, फळ्यावरचे अर्धे वाक्य उतरवून खिडकीबाहेर पाहत असेल, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली आठवड्यातून तीनदा हरवून येत असेल, आणि हे सारे घरी व शाळेत दोन्हीकडे दीर्घकाळ चालले आहे याची नीट खातरजमा करून मनोविकारतज्ज्ञांनी अखेर ‘अवधानन्यूनता व अतिचंचलता’, म्हणजे ज्याला आता सर्वत्र एडीएचडी म्हणतात, ते निदान कागदावर लिहून दिले असेल, तर त्याच्या आईबापांपुढे एक मोठा पेच उभा राहतो. ज्या औषधाने मुलाचे चित्त थाऱ्यावर येण्याचा संभव सर्वाधिक, त्याच औषधाच्या माहितीपत्रकात भूक मंदावते आणि उंची-वजनाची वाढ मागे पडू शकते अशी ताकीद छापलेली असते. ज्याचे मूल उंचेपुरे आहे तो ही ओळ वाचून पुढे जातो. पण ज्याचे मूल आधीच रांगेत पहिले उभे आहे त्याची नजर तिच्यावर खिळून राहते, आणि ती खिळावी हे मला अगदी स्वाभाविक वाटते. या एका ओळीच्या मागे सत्याचा अंश किती, आणि बुटक्या बांध्याच्या मुलाबाबत तिचा अर्थ काय लावावा, याचा शांतपणे हिशेब मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

या औषधांची हकीकत सुरू होते ती १९३७ साली, अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यातील एका बालरुग्णालयात. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांच्याकडे वर्तनाच्या तक्रारी असलेली मुले राहत असत, आणि मेंदूचे क्ष-किरण चित्र घेण्याच्या त्या काळच्या क्लेशदायक पद्धतीनंतर या मुलांची डोकी भयंकर दुखत. त्यावर इलाज म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखी काही थांबली नाही. परंतु कित्येक मुले अनपेक्षितपणे अभ्यासाला लागली, गणिते सोडवू लागली, आणि मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव दिले. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझ्झॉन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीचे घरगुती नाव रीटा. त्यावरून त्या औषधाला ‘रिटालिन’ हे बाजारातले नाव मिळाले. आज आपल्याकडे या विकारासाठी प्रामुख्याने वापरले जाते ते हेच मेथिलफेनिडेट. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या परिशिष्टात त्याची नोंद असल्याने ते कडक निर्बंधाखाली मिळते, आणि त्या निर्बंधांमुळेच अनेक पालकांना ते ‘नशेचे औषध’ वाटते. वस्तुतः योग्य मात्रेत, तोंडावाटे व देखरेखीखाली घेतले असता ते मुलाला नशा आणत नाही, तर मेंदूतील डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या दोन संदेशवाहक द्रव्यांचे पुनःशोषण रोखून त्यांचा प्रभाव थोडा अधिक काळ टिकवते, आणि त्यायोगे हातातले काम हातात राहते.

परंतु याच द्रव्यांचा भुकेशीही संबंध आहे. सकाळी आठ वाजता घेतलेल्या गोळीचा अंमल भर दुपारी, म्हणजे नेमका मधल्या सुट्टीच्या वेळी असतो, आणि आईने पहाटे उठून केलेला डबा संध्याकाळी जसाच्या तसा परत येतो. ज्या घरात हे औषध सुरू आहे त्या घरातल्या माणसांना परतलेल्या डब्याचे वजन हातात घेताच कळते; त्यांना आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

उंचीवरील परिणामाची पहिली मोठी नोंद झाली १९७२ साली, बाल्टिमोरच्या परिसरात. डॅनियल सेफर व रिचर्ड ॲलन यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की जी मुले उत्तेजक औषधे दीर्घकाळ घेत होती त्यांची वजन व उंचीतील वाढ अपेक्षेपेक्षा मंद होती, आणि ज्यांचे औषध उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद ठेवले जाई त्यांची वाढ त्या काळात पुन्हा जोर धरी. अभ्यासातील मुले मूठभरच होती, पण प्रश्न खरा होता, आणि तेथून सुरू झालेला वाद पन्नास वर्षे उलटूनही पुरता मिटलेला नाही. १९९६ साली बॉस्टनच्या टॉमस स्पेन्सर यांनी प्रतिपादन केले की मागे पडण्याचे कारण औषध नसून कदाचित हा विकारच असावा. या मुलांची वाढ मुळातच थोडी उशिरा होते, पौगंडावस्थेच्या आरंभी ती मागे दिसतात आणि अखेरीस बरोबरी साधतात. ही उपपत्ती आकर्षक होती, पालकांना दिलासा देणारी होती, आणि काही काळ तिचा बराच प्रभाव राहिला.

त्यानंतर आला अमेरिकेतील तो मोठा बहुकेंद्री अभ्यास, ज्याचा उल्लेख तज्ज्ञ ‘एमटीए’ या आद्याक्षरांनी करतात. त्यात ७ ते ९ वर्षांची ५७९ मुले होती. कोणाला औषध, कोणाला वर्तनोपचार, कोणाला दोन्ही, आणि कोणाला गावातील नेहमीच्या डॉक्टरांचा उपचार अशी विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून चौदा महिने त्यांचा पाठपुरावा झाला, आणि पुढेही ती मुले प्रौढ होईपर्यंत त्यांची नोंद ठेवली गेली. तीन वर्षांनी काढलेल्या हिशेबात असे दिसले की ज्यांना नव्याने औषध सुरू झाले आणि सतत चालू राहिले ती मुले, ज्यांना औषध कधीच मिळाले नाही त्यांच्यापेक्षा सरासरीने २ सेंटिमीटर बुटकी व २.७ किलो हलकी राहिली. तफावतीचा बहुतेक भाग पहिल्या वर्षातला होता. तिसऱ्या वर्षापर्यंत वेग पुन्हा नेहमीसारखा झाला होता, पण गमावलेले भरून निघालेले दिसले नाही. ही मुले पंचविशीच्या आसपास आली तेव्हा, २०१७ साली, पुन्हा मापे जुळवली गेली: ज्यांनी औषध फारसे घेतलेच नाही त्यांच्यापेक्षा घेणाऱ्यांची प्रौढ उंची सुमारे अडीच सेंटिमीटरांनी कमी भरली, आणि सातत्याने घेणारे हे अधूनमधून घेणाऱ्यांपेक्षाही कमी भरले.

एवढ्यावर निकाल लागला असे म्हणावे, तर मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टरचा पुरावा आडवा येतो. त्या गावात १९७६ ते १९८२ या काळात जन्मलेल्या मुलांची वैद्यकीय दफ्तरे जवळजवळ संपूर्ण जतन केलेली आहेत. त्यांतून हा विकार असलेली ३४० माणसे व नसलेली ६८० माणसे निवडून २०१४ साली तुलना झाली, तेव्हा प्रौढ उंचीत काहीच फरक आढळला नाही, आणि औषध किती वर्षे घेतले याच्याशीही उंचीचा संबंध जुळला नाही. दिसले ते इतकेच की तीन वर्षे किंवा अधिक काळ औषध घेणाऱ्या मुलग्यांत पौगंडावस्थेतील उंचीची मोठी उसळी थोडी उशिरा आली. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले. मग खरे कोणते मानायचे? माझ्या अल्पमतीप्रमाणे दोहोंतील विरोध वाटतो तितका मोठा नाही. एमटीएमधील सातत्याने औषध घेणाऱ्या मुलांचा उपचार दीर्घकाळ, फारसा खंड न पडता आणि भरपूर मात्रेत चालला होता, तर गावातील नेहमीच्या उपचारात मात्रा कमी असते, मुले मधूनच औषध सोडतात, सुट्ट्यांत विसरतात. त्याशिवाय एमटीएमधील औषध न घेणारी मुले सुरुवातीपासूनच सरासरीपेक्षा थोराड होती, ही गोष्टही तुलनेत विसरून चालत नाही. यावरून एवढे धरून चालता येते की सुरुवातीच्या एकदोन वर्षांत, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर या प्रमाणात, वाढ मंदावू शकते; आणि अखेरची हानी काहीच नाही येथपासून, सतत व जास्त मात्रेच्या बाबतीत, अडीच सेंटिमीटरांपर्यंत असू शकते.

अगदी लहान मुलांबाबत मात्र हा दिलासा तितकासा लागू पडत नाही. शाळापूर्व वयाच्या मुलांवरील अमेरिकी अभ्यासात, ज्याचा वाढीसंबंधीचा भाग २००६ साली प्रसिद्ध झाला, औषध चालू राहिलेल्या मुलांची वर्षाची उंचीतील वाढ अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी आणि वजनातील वाढ सुमारे ५५ टक्क्यांनी कमी होती. सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांना वर्तनोपचाराचे शिक्षण द्यावे, औषधाचा विचार त्यानंतर, असा जो बालरोगतज्ज्ञांचा आग्रह असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. आणि मूल बुटके असेल तर तो आग्रह मी दुप्पट वजनाने मानीन.

हे घडते कशामुळे? डोपामिनचा वाढीच्या संप्रेरकावर विपरीत परिणाम होत असावा अशी एक शंका पूर्वीपासून घेतली जाते, पण तिला भक्कम आधार मिळालेला नाही. सर्वांत सरळ आणि पुराव्याशी सर्वांत जुळणारे कारण तेच, परतलेल्या डब्याचे: शरीराला मिळणारे अन्न कमी पडते, वजन आधी थांबते, आणि उंची त्याच्या मागोमाग रेंगाळते. म्हणून वजन हे या बाबतीत आगाऊ वर्दी देणारे माप आहे. उंची बोलू लागण्याच्या कितीतरी आधी वजन बोलते.

आता ज्या मुद्द्यावर पालकांची सर्वाधिक गफलत होते, तो म्हणजे मूल बुटके असणे आणि मुलाची वाढ खुंटणे या दोन गोष्टी एकच मानणे. हा भेद ज्या माणसामुळे प्रथम डोळ्यांना दिसला तो अठराव्या शतकातला एक फ्रेंच सरदार, फिलिबेर गेनो द मोंबेयार. १७५९ साली त्याला मुलगा झाला, आणि तेव्हापासून १७७७ पर्यंत, म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, त्याने साधारण दर सहा महिन्यांनी त्याची उंची मोजून लिहून ठेवली. त्याचा स्नेही ब्यूफों याने ती मापे आपल्या निसर्गविषयक महाग्रंथाच्या पुरवणीत छापली, आणि एकाच मुलाची जन्मापासून तारुण्यापर्यंतची जगातली ही पहिली ज्ञात नोंद ठरली. ती मापे आलेखावर मांडली की दोन चित्रे निघतात. एक चढत जाणारे, अमुक वयाला अमुक उंची असे सांगणारे. आणि दुसरे त्याच मापांतील दर वर्षाच्या फरकाचे, म्हणजे वेगाचे, जे बाळपणी उंचावर सुरू होऊन झपाट्याने उतरते, मधली वर्षे जवळजवळ सपाट चालते, आणि पौगंडावस्थेत पुन्हा एकदा उसळून शून्याकडे जाते. लंडनचे प्राध्यापक जेम्स टॅनर यांनी १९४८ पासून हार्पेंडन येथील बालगृहातल्या मुलांची वर्षानुवर्षे मापे घेऊन या दुसऱ्या चित्राला वैद्यकात प्रतिष्ठा मिळवून दिली. मूल बुटके आहे की नाही हे पहिले चित्र सांगते. मूल नीट वाढते आहे की नाही हे फक्त दुसरे सांगू शकते. रांगेत पहिला उभा राहणारा मुलगा वर्षाला साडेपाच सेंटिमीटर वाढत असेल, तर तो बुटका असूनही निरोगी आहे. आणि रांगेच्या मध्यावर उभा राहणारा मुलगा वर्षाला तीनच सेंटिमीटर वाढत असेल, तर बुटका नसूनही त्याच्याबाबत काळजी करायला हवी.

पहिल्या वर्षात मूल सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात दहा-बारा, आणि चार वर्षांनंतर यौवनारंभापर्यंत वर्षाला साधारण पाच ते सहा. यौवनारंभाच्या किंचित आधी हा वेग आणखी थोडा मंदावतो, हे औषध घेणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलग्याच्या बाबतीत ध्यानात ठेवले नाही, तर निसर्गाचा दोष औषधावर येतो. पालक मोजमाप करतात, पण घाईने करतात. वर्षाला पाच सेंटिमीटर म्हणजे तीन महिन्यांत सव्वा सेंटिमीटर. आणि माणूस सकाळी उठल्यावर जेवढा उंच असतो त्यापेक्षा संध्याकाळपर्यंत, पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दबल्यामुळे, सुमारे एक सेंटिमीटर कमी भरतो. मार्चमध्ये सकाळी आणि जूनमध्ये संध्याकाळी मोजले, तर तीन महिन्यांची जवळजवळ सारी वाढ त्या एका सेंटिमीटरात गडप होईल आणि घरात विनाकारण रडारड होईल. सबब उंचीचे माप सहा महिन्यांनी, शक्य तर त्याच वेळी, अनवाणी, टाचा व पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर सरळ ठेवून, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक काटकोनात धरून घ्यावे. वजन मात्र दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे दर तीन महिन्यांनी करावे. ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही उंची व वजनाच्या याच मुदती दिलेल्या आहेत. भिंतीवर पेन्सिलीने ओढलेल्या रेघेशेजारी तारीख नसेल तर ती रेघ आठवण म्हणून गोड असते, पण दाखला म्हणून तिचा काही उपयोग नाही.

या रेघा कोणत्या तक्त्याशी ताडून पाहायच्या, हा प्रश्न आपल्या देशापुरता महत्त्वाचा आहे. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली स्वीकारलेले तक्ते आहेत, आणि त्यांच्या सिद्धतेत पुण्याच्या डॉ. वामन व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा वाटा प्रमुख आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने जाणून असावी. भारतीय मुलाला अमेरिकी तक्त्यावर बसवले तर तो उगाच बुटका ठरण्याचा संभव असतो, आणि मग नसलेल्या रोगाचा दोष असलेल्या औषधावर येतो. तक्त्यावर तिसऱ्या शतमकाची रेघ असते, म्हणजे शंभर निरोगी मुलांतली तीन तिच्याखाली असणारच. त्या रेघेखाली असणे हा रोग नव्हे. आपली रेघ सोडून खालच्या रेघेकडे घसरत जाणे ही खरी धोक्याची खूण.

औषध सुरू करण्यापूर्वीच मूल बुटके का आहे याची तहकीकात व्हावी, हे मला या साऱ्या विवेचनातील सर्वांत निकडीचे कलम वाटते, कारण औषध सुरू झाल्यावर प्रत्येक उणिवेचा ठपका त्याच्यावर जातो आणि मूळ कारण झाकले जाते. पहिली चौकशी आईबापांच्याच उंचीची: दोघांची बेरीज करून मुलासाठी तीत १३ सेंटिमीटर मिळवावे, मुलीसाठी १३ वजा करावे, आणि दोनाने भागावे. वडील १६४ आणि आई १५० असतील, तर मुलाचे अपेक्षित माप १६३.५ येते, आणि त्याच्या अलीकडेपलीकडे सुमारे आठ सेंटिमीटरांची मुभा राहते. असा मुलगा वर्गात बुटका दिसला तर तो आपल्या घराण्याप्रमाणेच वाढतो आहे. काही घरांत वडील ‘मी कॉलेजात गेल्यावर उंच झालो’ असे सांगतात; अशा घरातील मुलाची वाढ उशिरा येणारी असते, आणि डाव्या हाताच्या पंजाचे व मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून, १९५० साली प्रथम निघालेल्या ग्रॉयलिश व पाइल यांच्या चित्रसंग्रहाशी ताडून पाहिले, तर हाडांचे वय खऱ्या वयाच्या मागे असल्याचे आढळते. हाडे मागे असणे म्हणजे वाढीला अजून अवकाश शिल्लक असणे.

याहून मोलाची गोष्ट अशी की काही विकार उंची आणि अवधान या दोहोंवर एकदम आघात करतात. नाकामागची ॲडिनॉइडची गाठ व टॉन्सिल फुगल्यामुळे रात्रभर घोरणारे, झोपेत श्वास अडणारे मूल दिवसा चंचल व बेलक्ष असते, आणि त्याची वाढही मंदावते. अशा मुलाला आधी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे न्यायला हवे. थायरॉइड ग्रंथीची मंदता, गव्हाने बाधणारा सिलिअक विकार, रक्तातील लोहाची उणीव, हेही तपासले पाहिजे. मुलगी बुटकी असेल आणि तिला गणित व अवधान दोन्ही जड जात असतील, तर टर्नर सिंड्रोम हा गुणसूत्रांचा विकार डोळ्यांआड होता कामा नये. जन्मतःच गर्भवयाच्या मानाने लहान असलेल्या बाळांपैकी बहुतेक दोन वर्षांत भरून काढतात, पण सुमारे दहांतले एक बुटके राहते, आणि अशा मुलांत अवधानाच्या तक्रारीही अधिक आढळतात. तेथे औषधाने उंची कमी केली नाही, तर उंची आणि अवधान यांचे दुखणे एकाच मुळातून आले आहे.

हे सर्व पाहून झाल्यावर, मूल केवळ घराण्याने बुटके आहे असे ठरले, तर त्याला औषधाचा त्रास इतरांपेक्षा अधिक होतो काय? याचे उत्तर बरेचसे दिलासा देणारे आहे. काही अभ्यासांत उलट असेच दिसले की औषधाचा वाढीवरील परिणाम आधीच उंच व वजनदार असलेल्या मुलांवर जास्त झाला. पण मी येथे पालकांची बाजू सोडू इच्छित नाही. १७८ सेंटिमीटरांच्या तरुणाला दोन सेंटिमीटर कमी पडले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. १६१ च्या तरुणाला तेच दोन सेंटिमीटर मनात सलू शकतात. मापाने सारखे असलेले नुकसान मनाला सारखे नसते, आणि डॉक्टरांनी ‘त्यात काय एवढे’ म्हणून ते उडवून लावू नये.

पण दुसऱ्या पारड्यातही काहीतरी आहे, आणि ते नेमके मोजपट्टीने मोजता येत नाही, म्हणूनच ते हलके वाटते. ज्या मुलाला दिवसातून वीस वेळा ‘लक्ष कुठंय तुझं?’ ऐकावे लागते, ज्याला वाढदिवसाला बोलावणे येईनासे होते, ज्याची हुशारी असूनही पाचवीपर्यंत वाचनलेखन ढासळते, त्याला वयाच्या दहाव्या वर्षी आपण वाईट आहोत असे मनोमन पटलेले असते. आणि ही समजूत हाडांप्रमाणे एका वयानंतर घट्ट होत जाते. चेंडूमागे रस्त्यावर धावणे, उंचावरून उडी टाकणे यांसारखे अपघात या मुलांत जास्त होतात. स्वीडनमधील पंचवीस हजारांहून अधिक एडीएचडीग्रस्त व्यक्तींच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१२ साली असे दिसले की ज्या काळात पुरुष औषध घेत होते, त्या काळात त्यांच्या हातून घडणारे गुन्हे ३२ टक्क्यांनी कमी होते, आणि स्त्रियांचे ४१ टक्क्यांनी. तरीही औषधाचा गौरव मर्यादेपलीकडे करू नये. एमटीएमध्ये चौदा महिन्यांअखेर औषधाचा गट स्पष्टपणे पुढे होता, पण तीन वर्षांनंतर गटागटांतील तो फरक विरून गेला होता. अर्थात औषध आज चाललेल्या शाळेच्या दिवसाला हात देते. पुढील पंधरा वर्षांची हमी देत नाही. माझ्या मते तुलना याच पातळीवर व्हावी: या वर्षी, या मुलाला, औषधाने काय मिळते आहे आणि त्याचे किती सेंटिमीटर व किती किलो जात आहेत. मिळकत ठसठशीत दिसत असेल तर एखाद्या सेंटिमीटरासाठी ती सोडून देणे मला योग्य वाटत नाही. मिळकत धूसर असेल, तर अर्धा सेंटिमीटरही का द्यावा?

खर्च कमी करण्याचे उपाय बरेचसे स्वयंपाकघरातच आहेत. गोळी न्याहरीच्या आधी न देता न्याहरीबरोबर किंवा नंतर द्यावी, आणि ती न्याहरी चहा-बिस्किटाची नसावी. तुपाचा शिरा, अंडे, शेंगदाणे घालून पोहे, थालीपीठ आणि लोणी, असे काही पोटभर असावे, कारण त्यानंतर पाच-सहा तास त्या पोटात फारसे काही जाणार नाही. दुपारचा डबा लहान करावा, त्यावरून रोज भांडण करू नये. संध्याकाळी अंमल उतरला की भूक एकदम उसळते, आणि रात्री नऊला मूल स्वतःहून स्वयंपाकघरात येते. त्या वेळी ‘जेवणाची वेळ टळली, आता काही मिळणार नाही’ ही शिस्त बाजूला ठेवून, दूध-केळे, लाडू, भाकरीवर लोण्याचा गोळा असे पुन्हा एक जेवण द्यावे. उंची वाढवतात म्हणून जाहिरातीत मिरवणाऱ्या भुकटींवर पैसा घालवू नये. त्यांनी उंची वाढत नाही. भूक वाढवणारे म्हणून जे सायरप दुकानात सहज मिळते त्याने झोप येते, आणि ते डॉक्टरांना न विचारता या औषधाच्या जोडीला देणे धोक्याचे आहे.

डॉक्टरांच्या हातीही काही वाटा आहेत. परिणाम देणारी लहानात लहान मात्रा शोधणे ही पहिली. दिवसभर चालणाऱ्या प्रकाराऐवजी चार तास चालणारा प्रकार देऊन दुपारचे जेवण मोकळे करणे ही दुसरी. ॲटोमॉक्सेटिन या उत्तेजक नसलेल्या औषधानेही सुरुवातीला वजन-उंची थोडी मागे पडते, मात्र पुढे ती बहुधा भरून निघते. क्लोनिडिन व ग्वानफासिन भूक मारत नाहीत, परंतु त्यांनी झोप येते, रक्तदाब उतरतो आणि अवधानावरील गुण बहुधा उत्तेजकांइतका येत नाही. उंचीचा वेग वर्षाला चार सेंटिमीटरांच्या खाली गेला, किंवा मूल आपल्या रेघेवरून दुसऱ्या रेघेकडे उतरले, तर औषधाची मात्रा बदलण्याआधीही बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे जावे, कारण कधी कधी त्या घसरणीचे कारण औषध नसतेच.

राहिली सुट्टीतील विश्रांती. सुट्टीत औषध थांबवून वाढीला अवसर द्यावा, असा सल्ला ब्रिटिश सूचनांतही, उंचीवर खरोखर परिणाम दिसत असेल तर, दिलेला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, तीस महिने चाललेल्या एका अमेरिकी प्रयोगात मात्र असे दिसले की शाळेच्या दिवसांपुरतेच औषध देऊन किंवा जादा पोषण पुरवून मुलांचे वजन सुधारले, पण उंची केवळ लक्ष ठेवलेल्या मुलांपेक्षा अधिक वाढली नाही. म्हणून विश्रांतीकडून फार अपेक्षा न ठेवता, ती मुलाला मानवते का ते पाहावे; जे मूल औषधाविना रस्त्यावर धावते किंवा घरात सतत मार व बोलणी खाते, त्याच्यासाठी दोन महिने विश्रांती ही विश्रांतीच नव्हे. शिवाय ही मुभा मेथिलफेनिडेटपुरती आहे. क्लोनिडिन किंवा ग्वानफासिन अचानक बंद केल्यास रक्तदाब एकदम चढू शकतो.

आणि मुलाला विचारावे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आपल्या उंचीची व आपल्या चित्ताची, दोन्हींची खबर मोठ्यांपेक्षा चांगली असते. औषध घेतल्यावर डोके शांत वाटते का, मित्र जवळ येतात का, जेवणाकडे पाहून मळमळते का, आपण आपल्यासारखे राहत नाही असे वाटते का, हे कोणी नीट विचारले तर तो नीट सांगतो. कित्येक मुले उंचीबद्दल आईबापांहून कमी कष्टी असतात; काही मात्र गुपचूप रोज दाराच्या चौकटीला टेकून पाहत असतात, आणि अशा मुलाचे मत हिशेबात घेतले नाही तर तो गोळी गादीखाली लपवायला शिकतो.

महाराष्ट्रातील शाळांचे वर्ष या कामाला मोठे सोयीचे आहे. वार्षिक परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या एखाद्या सकाळी वजन आणि उंची घ्यावी, वहीत लिहावी, मात्रा व प्रकारही त्याच पानावर नोंदवावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत औषध थांबवायचे ठरले असेल, तर सहा-सात आठवड्यांच्या त्या काळात उंची काही सांगणार नाही, पण वजन सांगेल. आमरस आणि आजोळच्या पंगती यांचाही त्यात वाटा असेल. मग जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी पुन्हा त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करावे, दिवाळीच्या सुट्टीत भिंतीवर नवी रेघ ओढून तिच्याशेजारी तारीख घालावी, आणि ती वही घेऊन, मुलाला बरोबर घेऊन, पुढच्या सहा महिन्यांसाठी औषध चालू ठेवायचे, कमी करायचे की बदलायचे, ते डॉक्टरांसमोर बसून ठरवावे.